टेबलवाल्या 'अश्मयुगीन' माणसाचं उत्तर

पायथॉनच्या स्क्रिप्टने सजवलेला ईमेल कसा पाठवायचा, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. मांडणीसाठी फ्लेक्सबॉक्स (वेबपानाचे भाग शेजारी-शेजारी लावायची नवी सीएसएस पद्धत) सोडून टेबल वापरणं अश्मयुगीन, एचटीएमएलसोबत (वेबपानं ज्यात लिहितात ती भाषा) साध्या मजकुराचा भाग जोडणं म्हणजे वेळेचा अपव्यय, पासवर्ड थेट कोडमध्ये, आणि माइम-मल्टिपार्ट या पायथॉनच्या जुन्या साधनाऐवजी नवं 'ईमेलमेसेज' का नाही. वर "आधी शिका, मग शिकवा" हा फुकटचा सल्ला.

हेच नीट शब्दांत सांगता आलं असतं. असो. 'ईमेलमेसेज'ने कोडच्या दोन-चार ओळी कमी लागतात, हे तुमचं मान्य.

पण 'अश्मयुगीन'? महाशय, फ्लेक्सबॉक्स ब्राउझरमध्ये चालतं म्हणून इनबॉक्समध्ये चालेलच असं नाही. विंडोजवरच्या आउटलुकने 2007 च्या आवृत्तीपासून एचटीएमएल दाखवायचं काम वर्डच्या इंजिनाकडे दिलं. होय, त्याच वर्डकडे, ज्यात आपण अर्ज लिहितो. त्याला फ्लेक्स आणि ग्रिड (तशीच आणखी एक मांडणीची पद्धत) यांचा गंध नाही, टेबल मात्र बरोबर कळतं. नवीन आउटलुक वेगळं आहे, मान्य. पण समोरचा कुठलं उघडणार हे पाठवणाऱ्याला कुठे ठाऊक असतं? जीमेलनेसुद्धा मेलच्या वरच्या भागात रंग-आकाराचे नियम एकत्र लिहायच्या स्टाइल टॅगला नीट आधार दिला तो 2016 मध्ये. म्हणून मी अजूनही स्टाइल प्रत्येक टॅगमध्येच लिहितो.

आणि हे ऐकीव नाही. नोकरीत असताना महिन्याचे अहवाल स्क्रिप्टने पाठवायचं काम माझ्याकडे होतं. माझ्याआधीच्या गृहस्थांनी टेबलाऐवजी 'डिव्ह' (एचटीएमएलमधले साधे चौकोनी कप्पे) लावून सुबक साचा केला होता. तो साहेबांच्या आउटलुकमध्ये एकाखाली एक असा कोसळायचा की कुठला आकडा कुठल्या रकान्याचा, पत्ता लागू नये. मी टेबलं घातली आणि तक्रारी थांबल्या. तुम्ही आजवर किती जणांना, कुठल्या प्रोग्रॅमवर मेल पाठवलेत, तेही लिहायचं होतंत.

साध्या मजकुराचं म्हणाल, तर एचटीएमएल बंद ठेवणारे लोक असतात, त्यांच्यासाठी तो. एकच मजकूर दोन रूपांत पाठवायच्या 'अल्टरनेटिव्ह' प्रकारात शेवटचा भाग पसंतीचा मानतात, म्हणून साधा आधी आणि एचटीएमएल नंतर, हेही लेखात आहे. वाचलं असतंत तर दिसलं असतं.

राहिला पासवर्ड. अहो, ते उदाहरण आहे! तो तसाच ठेवून कोण सर्व्हरवर चढवणार आहे?

तुमच्या फ्लेक्सबॉक्सवाल्या मेलचा सोर्स (मूळ कोड) इथे चिकटवा. मी तो आउटलुक 2016 मध्ये उघडून स्क्रीनशॉट लावतो. फक्त या वेळी 'एक जाणकार' नको, नाव घालून लिहा.