मोजणीची साखळी

सुधीरची लेक पुढच्या महिन्यात सास्काटूनला शिकायला चालली आहे. त्यामुळे काल कट्ट्यावर त्याच्या मोबाइलवरचा कॅनडाचा नकाशा हातोहात फिरत होता. सास्काटून ज्यात आहे तो सास्कॅचेवान प्रांत बघून नंदू म्हणाला, "पट्टी ठेवून आखलाय की हा! आपल्याकडे गावाची शीवसुद्धा ओढ्याच्या कडेने जाते."

"कारण तिथे भांडणच नव्हतं," अण्णा म्हणाले. "गोरे टेबलाभोवती बसले, १ जुलै १८६७ ला देश झाला. आपल्याला संयुक्त महाराष्ट्रासाठी हुतात्मे द्यावे लागले."

अण्णांच्या वडिलांनी त्या चळवळीत तुरुंग भोगला होता. त्यामुळे त्यांच्याशी या विषयावर वाद घालताना मी जपून बोलतो. पण काल गप्प बसवेना.

म्हटलं, अण्णा, टेबल होतं हे खरं. १८६४ मध्ये आधी शार्लटटाउनला आणि मग क्वेबेकला परिषदा झाल्या. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपत आलं होतं, तिकडच्या फौजेची धास्ती होती, १८६६ मध्ये व्यापाराचा करारही संपला. पण १८६७ मध्ये एकत्र आल्या त्या तीनच वसाहती: कॅनडा (तेव्हा हे एका वसाहतीचं नाव), नोव्हा स्कोशिया, न्यू ब्रन्सविक. कॅनडाचे त्याच दिवशी ऑन्टॅरिओ आणि क्वेबेक असे दोन प्रांत झाले, म्हणून एकूण चार. आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत नोव्हा स्कोशियाने १९ पैकी १८ जागांवर या संघराज्याच्या विरोधकांना निवडून दिलं!

"मग बाहेर का नाही पडले?"

"लंडनने पडू दिलं नाही. त्यांचा पुढारी जोसेफ हाउ तिथे जाऊन भांडला. शेवटी प्रांताला मिळणारं अनुदान वाढवून घेतलं आणि १८६९ मध्ये तोच मंत्रिमंडळात गेला."

"म्हणजे खुर्ची मिळाली की संपलं," नंदू म्हणाला. मला ते पटलं नाही. सगळे दरवाजे बंद झाल्यावर प्रांताच्या पदरात काहीतरी पाडून घेणाऱ्याला मी खुर्चीसाठी विकला गेलेला म्हणणार नाही. यावर आमचा एक चहा गेला. प्रिन्स एडवर्ड बेटाची गोष्ट मात्र नंदूने लगेच मान्य केली: पहिली परिषद त्यांच्याच घरी, शार्लटटाउनला, पण ते सामील झाले १८७३ मध्ये, रेल्वेच्या कर्जात बुडाल्यावर.

"आणि या सरळ रेघा?" सुधीरला लेकीच्या गावापर्यंत पोचायचं होतं.

माझं खरं दुखणं तिथेच आहे. हडसन उपसागराला मिळणाऱ्या नद्यांचा सगळा मुलूख १६७० च्या सनदेने एका व्यापारी कंपनीला दिलेला. तो कॅनडाने ३ लाख पौंडांना घेतला. तिथे राहणाऱ्यांना कुणी विचारलं नाही. रेड नदीकाठी मेटी लोक होते, फ्रेंच-स्कॉटिश आणि मूळनिवासी अशा मिश्र वंशाचे. त्यांच्या जमिनी नदीपासून आत गेलेल्या लांबच लांब पट्ट्या, म्हणजे प्रत्येकाला पाणी. सरकारी मोजणीदार आले ते चौकोन पाडायला. ऑक्टोबर १८६९ मध्ये लुई रिएल आणि त्याच्या सोबत्यांनी त्यांची साखळी अडवली. त्या उठावातून १८७० मध्ये मॅनिटोबा प्रांत झाला. तो इतका चिमुकला होता की लोक त्याला टपालाचं तिकीट म्हणत. मेटींच्या मुलांसाठी १४ लाख एकर जमीन कायद्यात लिहिली गेली. ती देताना सरकारने इतकी दिरंगाई केली की २०१३ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ठपका ठेवला. आणि रिएल? पुन्हा उठला, १६ नोव्हेंबर १८८५ ला रेजायनात फाशी गेला. ब्रिटिश कोलंबियाला १८७१ मध्ये संघात येताना जी रेल्वे कबूल केली होती, तिचा शेवटचा खिळा त्याआधी नऊच दिवस ठोकला होता.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग म्हणाले, "त्या पट्ट्या मोजल्या कशा असत्या चौकोनात?"

"नसत्याच बसल्या. म्हणून तर अडवलं."

पुढचं मी भराभर सांगितलं. १९०५ मध्ये अल्बर्टा आणि सास्कॅचेवान झाले. तिथला पुढारी हॉल्टन एकच मोठा प्रांत मागत होता. पंतप्रधान लॉरिए यांनी दोन केले, मधली रेघ ११० व्या रेखांशाची. लॉइडमिन्स्टर हे दोन वर्षांपूर्वी वसलेलं गाव त्या रेघेने चिरलं, ते १९३० मध्ये पुन्हा एक झालं. आणि जमीन, खनिजं दोन्ही प्रांतांच्या हाती आली तीही १९३० मध्येच.

"पण हद्द बदलायची तर?" अण्णांनी नेमकं विचारलं. "आपल्याकडे घटनेच्या तिसऱ्या कलमात संसदेने राज्याचं नुसतं मत मागवायचं, ते मानायलाच हवं असं नाही."

"तिथे १८७१ च्या कायद्याने प्रांताच्या विधिमंडळाची संमती लागते."

"म्हणजे बेळगाव तिथे असतं, तर कर्नाटकाने हो म्हटल्याशिवाय काहीच नाही?"

"नाही."

नंदू म्हणाला, मग आपलंच बरं. अण्णा म्हणाले, मत मागवून बाजूला ठेवतात त्याचं काय? यावर दोघांची चांगलीच जुंपली आणि मी मध्ये पडलो नाही.

तेवढ्यात सुधीरने नकाशा उत्तरेकडे सरकवला. "ही रेघ बघ, वाकडीतिकडी आहे."

ती नुनावुत या उत्तरेकडच्या प्रदेशाची. तो १९९९ मध्ये झाला, आणि त्या रेघेवर आधी १९९२ मध्ये मतदान झालं होतं.

"कोणाचं?" अण्णांनी चष्मा पुसत मोबाइल हातात घेतला.

"तिथल्याच लोकांचं, अण्णा."