गेट सिव्हिलचं वेळापत्रक: आधी स्केचपेन आणा

गेट, म्हणजे फेब्रुवारीत होणारी इंजिनिअरिंगची एम.टेक. प्रवेशपरीक्षा, द्यायचं ठरलं की कोणीतरी आगाऊ मित्र विचारतोच, 'मग, कुठवर आलास?' त्याच्याकडे लक्ष देऊ नका. आपण सिव्हिलवाले, नकाशा मंजूर झाल्याशिवाय आपल्यात कुदळ मारत नाहीत. जुलैचे पहिले दोन आठवडे फक्त वेळापत्रकाला द्या. मोठी ड्रॉइंगशीट घ्या, जीटी (काचेवर शीट ठेवून ड्रॉइंग छापणं) मारून मारून हात बसलेलाच आहे. सॉइलला तपकिरी रंग, फ्लुइडला निळा, एन्व्हायर्नमेंटला हिरवा. स्टीलला राखाडी द्यायचा की चंदेरी, यावर दोन दिवस गेले तरी हरकत नाही.

मग तास मांडा. १ जुलै ते ३१ जानेवारी म्हणजे २१५ दिवस. रोज १४ तास धरले की ३०१० तास झाले. हा आकडा शीटच्या डोक्यावर लाल अक्षरांत लिहा आणि आईला दाखवा. काही कद्रू माणसं यातून सबमिशन, व्हायवा, सेमिस्टरची परीक्षा, गणपती आणि दिवाळी मिळून ४५ दिवस वजा करतात. उरलेल्या १७० दिवसांत कॉलेज सांभाळून रोज खरे ४ तासच मिळतील असं म्हणतात, ६८० तासांवर येतात आणि त्यातले शेवटचे दीड-दोन महिने उजळणीला आणि टेस्टला आधीच बाजूला काढून ठेवतात. इतक्या खालच्या पातळीवर उतरू नका.

प्रत्येक चॅप्टरला किती दिवस, हा पुढचा प्रश्न. पर्टचं, म्हणजे कामाला किती वेळ लागेल हे अंदाजण्याचं, सूत्र तुम्हाला येतंच. आशावादी वेळ ४ दिवस, बहुधा लागणारा ७, निराशावादी १६. मधल्याला ४ ने गुणा, तिघांची बेरीज करा, ६ ने भागा, अपेक्षित वेळ ८ दिवस. हे सूत्र पेपरात गुणांसाठी जरूर वापरा. स्वतःच्या अभ्यासाला लावणं म्हणजे मात्र घरच्या माणसावर संशय घेणं. तिथे ४ दिवस लिहा आणि पुढे चला. फ्लोट, म्हणजे राखीव मोकळा वेळ, शून्य ठेवा, सगळी कामं क्रिटिकल पाथवर, म्हणजे एक लांबलं की अख्खं वेळापत्रक लांबलं. जे रविवार कोरा सोडतात ते बुधवारी तापाने झोपले तरी सोमवारपर्यंत जागेवर येतात. तुमचा बुधवारचा ताप थेट फेब्रुवारीपर्यंत पोचला पाहिजे.

विषयांचा क्रम रुबाबाप्रमाणे लावा. पहिल्या दिवशी स्ट्रक्चरल अ‍ॅनालिसिस उघडा, तेही स्लोप डिफ्लेक्शन या किचकट पद्धतीपासून. साध्या बीमची बेंडिंग मोमेंट डायग्राम दोन मिनिटांत काढता येत नसेल तर उत्तमच, एका फ्रेमच्या गणितावर अख्खी दुपार निघते. सॉइलमध्ये इफेक्टिव्ह स्ट्रेस (मातीच्या कणांवर येणारा ताण) हा फार बाळबोध भाग, तो गाळून थेट बेअरिंग कपॅसिटीवर (माती किती भार पेलते यावर) जा. मग भूजलाची पातळी पायाच्या तळापर्यंत आली की कुठल्या पदात बुडीत घनता घ्यायची हे कळणार नाही. पण सूत्र पाठ असेल, आणि शेजाऱ्याला म्हणून दाखवायला सूत्रच लागतं.

अ‍ॅप्टिट्यूडचे १५ गुण आणि गणिताचे १३. दोन्ही मिळून १०० पैकी २८ झाले आणि काय येणार याचा अंदाजही त्यातल्या त्यात इथेच बांधता येतो, म्हणूनच इकडे फिरकू नका. टक्केवारी आणि घड्याळाची गणितं सोडवायला का इंजिनिअर झालो? मॅट्रिक्स, डिफरन्शियल इक्वेशन, प्रोबॅबिलिटी हे सगळं जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात टाका. सर्व्हे आणि ट्रान्सपोर्टेशनही तिथेच कोंबा. त्या आठवड्याच्या चौकटीत अक्षर फार बारीक येईल, पण ०.१ चं पेन मिळतं.

वाचायची पद्धत अशी: एका बैठकीत बारा तास आणि फक्त वाचन. कन्सॉलिडेशनमध्ये, म्हणजे माती दबून बसण्याच्या धड्यात, आपण शिकलोच आहोत की संपृक्त चिकणमातीवर भार टाकला की सुरुवातीला तो छिद्रांतलं पाणीच पेलतं. मातीच्या कणांवर तो हळूहळू, पाणी निघून जाईल तसा येतो. बारा तास वाचून उठल्यावर जे भरून आल्यासारखं वाटतं, ते हेच पाणी. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा उघडून बघणाऱ्यांची माती बसते. आपल्याला इतका वेळ कुठला? शिवाय काही लोक सकाळी थिअरी वाचतात आणि संध्याकाळी त्याच भागाचे मागच्या वर्षांचे प्रश्न सोडवतात, म्हणजे दोन्ही बाजूंनी निचरा. निचऱ्याची वाट निम्मी झाली की वेळ चौथाई लागतो हे मातीचे अभ्यासक टर्झागी यांनी मातीबद्दल सांगितलंय, माणसाबद्दल नाही. तुम्ही एकाच बाजूने निचरा ठेवा.

टेस्ट सिरीज मात्र विकत घ्याच, तीही दोन क्लासच्या. पण सिलॅबस पूर्ण झाल्याशिवाय एकही टेस्ट द्यायची नाही. इमारत पूर्ण होईपर्यंत एकही क्यूब (काँक्रीटची ताकद तपासायचा ठोकळा) न तोडणारा ठेकेदार तुम्ही साइटवर पाहिला असेल. सात दिवसांचा निकाल कमी आला तर उगाच काम थांबवावं लागतं. चुकून दिलीच टेस्ट, तर रँक बघा आणि टॅब बंद करा. कुठले गुण सूत्र न आठवल्याने गेले, कुठले किलोन्यूटन आणि मिलिमीटर एकत्र घातल्याने, कुठले 'नॉट' हा शब्द न वाचल्याने, हे वहीत टिपत बसणं कारकुनी काम आहे.

वर्षभर आकडेमोड आपल्या कॅसिओवरच करा. समीकरणं तो सोडवतो, मॅट्रिक्सही तोच. परीक्षेत स्वतःचा कॅल्क्युलेटर चालत नाही. पडद्यावर एक असतो, माउसने एकेक आकडा टिपायचा, त्याला यातलं काही येत नाही. त्याची ओळख परीक्षागृहातच होऊ द्या. पेपर ९:३० ला किंवा २:३० ला सुरू होतो, म्हणून अभ्यास रात्री १ ते ४ ठेवा. ऐन वेळी मेंदू ताजा म्हणजे न वापरलेला असेल.

आत गेल्यावर ६५ प्रश्न आणि १८० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला तीन मिनिटंही नाहीत. पहिल्याच अडलेल्या फ्रेमवर पंचवीस मिनिटं ठिय्या द्या. दोन गुणांसाठी नाही, तत्त्वासाठी. आणि धाडस योग्य जागी दाखवा. एकच पर्याय बरोबर असलेल्या प्रश्नांत चुकीला एकतृतीयांश गुण कापतात, तिथे डोळे मिटून टिचक्या मारा: दोन गुणांचे नऊ प्रश्न चुकले की बरोबर ६ गुण वजा. एक किंवा अधिक पर्याय बरोबर असू शकणारे आणि आकडा भरायचे प्रश्न चुकले तरी काहीच कापत नाहीत, म्हणून ते नम्रपणे कोरे सोडा.

निकालात खचू नका. पास होणाऱ्याचा स्कोअर तीन वर्षं चालतो, तुमचं वेळापत्रक तर जुलैत नवं करावंच लागणार. तेव्हा स्केचपेनची टोपणं घट्ट लावून ठेवा; चंदेरी फार लवकर सुकतो.