माशाला शिक्षा का होत नाही?

नमस्कार ताई,

'माशा आणि अस्वल' या रशियन कार्टूनवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही मनापासून आणि सविस्तर लिहिलंत. तुमच्या बालवाडीतल्या मुली त्यातल्या माशा या छोट्या मुलीची नक्कल करतात, वस्तू फेकतात आणि वर खिदळतात, हे वाचल्यावर दोन ओळींत उत्तर देणं मला बरं वाटेना. तुमचे आक्षेप तीन आहेत. माशा उद्धट आहे आणि तिला कधीच शिक्षा होत नाही. तिच्या आईवडिलांचा पत्ताच नाही. आणि जुन्या परीकथांची हे कार्टून करणारी मंडळी मोडतोड करतात, त्यापेक्षा आपल्या जुन्या गोष्टी बऱ्या.

माशा त्रास देते, यात वादच नाही. तिला घडवलंय तेच तसं. मालिकेचे जनक ओलेग कुझोवकोव यांना हे पात्र सुचलं ते क्रिमियाच्या समुद्रकिनाऱ्यावर १९९६ साली पाहिलेल्या एका छोट्या मुलीवरून. ती कुणाकडेही बिनधास्त जायची. सुरुवातीला सगळ्यांनी तिचं कौतुक केलं, आणि मग ती दिसली की लोक लपायला लागले. त्या मुलीत गोडवा आणि वैताग दोन्ही होतं, आणि २००९ साली मालिका सुरू झाली तेव्हा दोन्ही तसंच पडद्यावर आलं.

पण ताई, ही गोष्ट माशाची आहे असं मला वाटत नाही. ती अस्वलाची आहे. सर्कशीतून निवृत्त झालेला हा कलाकार. जंगलात टुमदार घर, जपून ठेवलेले जुने चषक, मासे धरायचा गळ. त्याला आता फक्त निवांतपणा हवाय आणि नेमका तोच मिळत नाही. शिवाय तो बोलत नाही. गुरगुरतो, सुस्कारे टाकतो, कपाळाला हात लावतो. बडबड सगळी माशाची. त्यामुळे अस्वलाला काय वाटतंय हे मुलाला त्याच्या चेहऱ्यावरून, खांद्यांवरून, पंजांवरून ओळखावं लागतं. ही मालिका हिंदीत ऐका नाहीतर आवाज बंद करून बघा, अस्वल तेवढंच कळतं. चार वर्षांच्या मुलाला दुसऱ्याचं मन वाचायला लावणारी अशी पात्रं फार थोडी आहेत.

लापशीचा भाग घ्या. यूट्यूबवर तो अब्जावधी वेळा पाहिला गेलाय, तुमच्या वर्गातही तो सगळ्यांना माहीत असणार. अस्वल आणि ससा पटावर खेळण्यात रंगलेत आणि माशा स्वतःच लापशी शिजवायला घेते. लापशी उतू जाते, मग आणखी उतू जाते. ती जंगलभर सगळ्यांना वाढत सुटते, इतकी की प्राणी तिला बघून पळ काढतात. माशाला कुणी कोपऱ्यात उभं करत नाही, हे खरं. पण तिने घातलेला गोंधळ कुणाला भोवतो हे मुलाला लख्ख दिसतं, आणि ज्याला भोवतो तो मुलाचा लाडका असतो. शिक्षा दाखवली असती तर मुलाचं लक्ष शिक्षा करणाऱ्याकडे गेलं असतं. इथे ते ज्याचं नुकसान झालं त्याच्याकडे जातं. मला हे जास्त मोलाचं वाटतं.

आईवडिलांबद्दल थोडक्यात सांगते. परीकथेत मोठी माणसं जवळ असली की गोष्टच घडत नाही. लाल टोपीवाल्या मुलीला आई जंगलातून एकटीलाच पाठवते, तेव्हाच लांडगा भेटतो.

आता मोडतोड. मूळ रशियन लोककथेत अस्वल माशाला घरात कोंडून ठेवतं आणि तिच्याकडून स्वयंपाक करून घेतं. ती आजीआजोबांसाठी खाऊ पाठवायच्या बहाण्याने टोपलीत लपते आणि अस्वलाच्याच पाठीवरून घरी पोचते. वाटेत ते खाऊ खायला बसू लागलं की टोपलीतून दटावते, बसू नकोस, मला सगळं दिसतंय! तुम्हाला आपली भोपळ्यातली म्हातारी आठवली ना? लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा, असा शब्द ती वाघाला देते आणि तो साफ मोडते. तिला कुठे शिक्षा होते? आपण ती गोष्ट पिढ्यान् पिढ्या सांगतोय आणि 'चल रे भोपळ्या'ला मुलं अजून टाळ्या वाजवतात. नव्या मालिकेने एवढंच केलं, की कोंडलेल्या मुलीच्या जागी अस्वल ठेवलं. आता सुटका त्याला हवी आहे आणि टोपली त्याच्या पाठीवरून उतरत नाही.

'माशाच्या गोष्टी' या जोडमालिकेत माशा आपल्या खेळण्यांना परीकथा सांगते आणि तात्पर्य भलतंच काढते, यावर तुमचा विशेष राग आहे. पण यातली 'खरी' गोष्ट कोणती धरायची? फ्रेंच लेखक पेरोच्या १६९७ च्या पुस्तकात लांडगा लाल टोपीवालीला खातो आणि गोष्ट तिथेच संपते. तिला पोटातून बाहेर काढणारा शिकारी ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या संग्रहात येतो. तीन अस्वलांच्या घरात घुसणारी १८३७ च्या इंग्रजी गोष्टीत चक्क एक म्हातारी होती, गोल्डिलॉक्स ही मुलगी नंतर आली. पुढे टॉलस्टॉयने तीच गोष्ट रशियन मुलांसाठी लिहिली आणि अस्वलांना रशियन नावं दिली. बदलत बदलतच या गोष्टी आपल्यापर्यंत पोचल्यात.

तुमचं एक म्हणणं मात्र मला पूर्ण पटतं. एकेक भाग सात-आठ मिनिटांचा असतो आणि फोनवर तो संपायच्या आत पुढचा सुरू होतो. अस्वलाचा चेहरा मनात उतरायला मुलाला उसंतच मिळत नाही. एक भाग झाला की बंद करायला पालकांना जरूर सांगा.

आणि वर्गात एक करून बघाल का? मुली माशा-माशा खेळायला लागल्या की त्यातल्या सगळ्यात दंगेखोर मुलीला अस्वल करा. सांडलेलं तिनेच आवरायचं आणि बोलायचं अजिबात नाही. काय होतं ते मला नक्की कळवा.