नाही घेत विमा, काय करशील?

सुऱ्या न्यू जर्सीहून आला की आमच्या डोंबिवलीच्या कट्ट्यावर अमेरिका निघतेच. या वेळी ती निघाली टॅक्सवरून. त्याच्या राज्यात आरोग्य विमा नसेल तर टॅक्स भरताना दंड बसतो, एवढं ऐकलं आणि मन्या उसळला.

"दंड? शरीर माझं, पैसे माझे. सरकार कोण लागून गेलं?"

"हेच घेऊन लोक तिथे सुप्रीम कोर्टात गेले होते," सुऱ्या म्हणाला. "सगळ्यांनी विमा घ्यायलाच हवा, असं सांगणारा ओबामांचा कायदा २०१० चा, निकाल २०१२ चा. न्यायमूर्ती स्कालियांनी सुनावणीत विचारलं, मग उद्या लोकांना ब्रोकोलीही घ्यायला लावाल का?"

"बरोबर बोलला! उद्या माझ्यावर गवारीची सक्ती केली तर?"

"ती वहिनींनी केलीय कधीच," बाळ्या म्हणाला.

५ विरुद्ध ४ मतांनी कायदा वाचला, पण गमतीदार वाटेने. विमा घ्यायची सक्ती तिथल्या संसदेच्या व्यापाराचे नियम करायच्या अधिकारात बसत नाही, असं सरन्यायाधीश रॉबर्ट्स म्हणाले. मात्र न घेणाऱ्यावर कर बसवता येतो. म्हणजे मन्याचं म्हणणं मान्य आणि पावतीही मन्याच्याच नावाने! पुढे ट्रम्प यांच्या काळात २०१९ पासून दंड शून्यावर आला, तर न्यू जर्सीने त्याच वर्षापासून स्वतःचा लावला.

मन्याचा मुद्दा अगदीच फालतू नव्हता. "गाडीचा थर्ड पार्टी मी मुकाट भरतो. माझ्या गाडीखाली दुसऱ्याचा पाय येऊ शकतो. माझ्या मूतखड्याने कोणाचं काय मोडतं?"

"बिल मोडतं," सुऱ्या म्हणाला. "१९८६ पासून तिथे कायदा आहे. इमर्जन्सीत आलेल्याचा खिसा न बघता त्याला आधी सावरायचं. पैसे बुडाले की ते फिरून बाकीच्यांवरच येतात. शिवाय आधीचा आजार आहे म्हणून विमा नाकारायचा नाही, असंही ओबामांचा कायदा सांगतो. मग सक्ती नसेल तर लोक आग लागल्यावरच विमा काढायला धावतील."

आपल्याकडेही इमर्जन्सीत उपचार नाकारू नयेत, असं सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्ये सांगितलंय. पण पुढे काउंटरवर डिपॉझिट मागायचं ते मागतातच, आणि ते भरायला अनोळखी करदाता येत नाही, मेहुणा येतो. बाळ्याच्या वडिलांच्या बायपासच्या वेळी व्हॉट्सॅपवर क्यूआर कोड फिरला होता. त्यात मन्याचेही पाच हजार होते. तिथे न काढलेल्या विम्याचे पैसे परके भरतात, इथे आपण, असं मी म्हणालो.

"ते मी माझ्या मर्जीने दिले. फरक तोच आहे," मन्या म्हणाला. (नाही म्हणायची खरंच सोय होती का रे तुला, हे मला विचारायचं होतं. पण बाळ्या शेजारीच बसला होता.)

इतका वेळ नाना गप्प होता. नाना एमआयडीसीत, रंगाच्या कंपनीत. "सक्ती सक्ती काय लावलंय? माझ्या पगारातून ईएसआयचा, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचा, पाऊण टक्का कापायचे, मालकाचे सव्वातीन. कायदा १९४८ चा. मला कोणी विचारलं होतं? तेव्हा नाही कोणाला स्वातंत्र्य आठवलं."

"मग फायदा झाला की नाही?"

"रांगा होत्या, सही-शिक्क्यांचा वैताग होता. पण हिचं ऑपरेशन झालं तेव्हा खिशातला रुपया गेला नाही. नंतर पगार २१ हजारांच्या वर गेला आणि कार्ड बंद. आता मीही मन्यासारखा स्वतंत्र!"

"पॉलिसी काढलीस?"

"एजंट येऊन गेला. शुगर आहे म्हटल्यावर हप्ता वाढवला. वर शुगरमुळे काही झालं तर पहिली तीन वर्षं क्लेम नाही म्हणे."

"बघ!" मन्याला जोर चढला. "अशा कंपन्यांच्या दावणीला लोकांना बांधायचं म्हणतोय हा सुऱ्या."

"बांधा की मला," नाना म्हणाला. "फक्त कंपनीलाही बांधा. मला नाही म्हणता येणार नसेल, तर तिलाही येता कामा नये."