सोल्युशनचा डाग

चामडे जोडायचे सोल्युशन, म्हणजे रबरी चिकटद्रव, चामड्यावर सांडले तरी ते लगेच दिसत नाही, हा त्याचा सर्वांत लबाड गुण आहे. बाभळीच्या सालीने कमावलेल्या बदामी चामड्यावर बोटाचा ठसा पारदर्शक होऊन गुपचूप बसतो. मग पट्टा शिवून, कडा घासून, मोठ्या हौसेने तपकिरी रंगाचा बोळा फिरवला की जिथे सोल्युशन मुरले आहे तिथे रंग धरतच नाही, आणि ठाण्यात घेतलेल्या छापेसारखा आपला अंगठा साऱ्या गावाला वाचता येतो.

यवतमाळकडच्या आमच्या गावात पोळ्याआधी बैलांच्या घुंगरांचे पट्टे करण्याचा मला नाद आहे. सोल्युशन दोन्ही तुकड्यांना लावून, बोटाला चिकटेनासे झाल्यावरच ते जोडायचे असतात. पण श्रावण अमावास्येच्या सुमारास हवा इतकी दमट असते की ते सुकता सुकत नाही. उन्हाळ्यात, पारा ४५ अंशांवर असताना, पट्ट्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचेस्तोवर पहिल्या टोकाचे सोल्युशन साफ वाळून गेलेले असते. दोन्ही ऋतूंत बोटे मात्र तत्परतेने चिकटतात.

डाग दिसला की सल्लागार जमतात. "अबे, घासलेट मार ना त्याच्यावर, काय घेऊन बसला!" असे शेजारच्या काकाजींनी फर्मावले. घासलेटाने डाग हलला नाही. त्याच्याभोवती एक तेलकट वर्तुळ तेवढे उमटले, आणि पट्टा गळ्याजवळ नेताच बैलाने मान फिरवली. दुसऱ्या एका जाणकाराने थिनर सुचवला. थिनर सोल्युशन विरघळवतो हे खरे आहे, परंतु विरघळलेले सोल्युशन तंतूंत आणखी खोल उतरते आणि चामड्याची चकाकीही जाते. वाटाण्याएवढा डाग अशा रीतीने तळहाताएवढा होतो.

खरा उपाय आठवडी बाजारात चपला शिवणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराने सांगितला. "वाळू द्या आधी. ओलं असतांनी बोट लावसान तं पसरन," असे म्हणून त्यांनी कच्च्या क्रेप रबराचा तुकडा हाती ठेवला. वाळलेल्या थरावर तो घासला की सोल्युशनच्या गोळ्या होऊन निघतात, आणि ते पाहण्यात असे सुख आहे की मी डाग नसलेल्या जागाही घासत बसलो. आत मुरलेल्या सोल्युशनपुढे मात्र क्रेपचेही काही चालत नाही. म्हणून आधी रंग द्यावा, मग कडेची ४-५ मिलिमीटर पट्टी रापीने, म्हणजे चामडे कापायच्या हत्याराने, खरवडून तेवढ्यातच सोल्युशन लावावे, हे शहाणपणाचे. कारण गुळगुळीत रंगलेल्या पृष्ठभागावर ते नीट धरत नाही.

ज्या पट्ट्यावर काहीच मात्रा चालली नाही, त्याच्या डागावर मी एक पितळी टिकली ठोकून दिली. ती मधोमध आली नाही, कारण डाग मधोमध नव्हता. काकाजींनी तो पट्टा सर्व बाजूंनी न्याहाळला आणि आपल्या जोडीसाठी दोन सांगितले. टिकली मात्र दोन्हीवर तितकीच बाजूला हवी, असा त्यांचा आग्रह आहे.