माठ वाजवून घेतात, मॉनिटर का नाही?

दोनशे रुपयांचा माठ घेताना आपण टिचकी मारतो, कान लावतो, दुसरा काढायला लावतो. कुंभार काही बोलत नाही. पण चाळीस हजारांची स्टुडिओ मॉनिटरची, म्हणजे रेकॉर्डिंग तपासून ऐकायच्या स्पीकरची, जोडी घ्यायला गेलात आणि "जरा नीट ऐकवा" म्हणालात, की समोरच्याचं तोंड असं होतं जणू तुम्ही उधारी मागितलीत.

कळव्याहून घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये सव्वा तास सडून दुकानात पोचलो. पेन ड्राइव्हवर मी स्वतः रेकॉर्ड केलेला पखवाज आणि तंबोरा. उगाच नाही नेला. धुमेवर, म्हणजे डाव्या तोंडावर, कणीक लावलेल्या पखवाजाचा खर्ज सुटा ऐकू येतो की नुसता गदगदतो, तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेची ती झणझण, खुलते की टोचते, एवढ्यावर निम्मा निकाल लागतो.

मॉनिटर कुठे? काचेच्या कपाटात, गुडघ्याच्या उंचीवर, पाठ भिंतीला चिकटलेली. अरे, ट्विटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा स्पीकर, कानाच्या रेषेत हवा! भिंतीला टेकवला की खालचे सूर फुगतात, तेही खर्ज वाजवणारा पाच इंची वूफर ऐकायला आलेल्या माणसासमोर. वर प्रत्येक मॉडेलचा एकच नग जोडलेला. स्टिरिओ कसा कळणार? "दुसरा खोक्यात आहे सर, खोकं उघडलं तर घ्यावाच लागेल."

पेन ड्राइव्ह हातातच राहिला. पोराने मोबाइल काढला, ब्लूटूथ जोडलं आणि धाडधाड काहीतरी लावलं. "सर, बेस बघा बेस!" भाऊ, मला मिक्सिंग करायचंय, वरात नाही काढायची. मॉनिटरने गोड वाजायचं नसतं, रेकॉर्डिंगमधल्या चुकांची चुगली करायची असते. यामाहाचा एनएस-१० हा मॉडेल १९७८ मध्ये घरात ऐकायचा स्पीकर म्हणून आला आणि स्टुडिओवाल्यांनी उचलला, तो काय बेससाठी?

डोकं फिरलं ते पुढे. महागडा मॉडेल लावताना त्याने मागची गेनची, म्हणजे आवाज वाढवायची, खुंटी हळूच वर केली. मी बघितलं! आवाज एखाद-दोन डेसिबलने जरी वाढला, तरी कानाला तो मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. आवाज वाढला की खर्जही जास्त भरतो, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच मोजून ठेवलंय. म्हणून आधी दोघांचे आवाज सारखे करायचे, मग तुलना. मी मोबाइलवरचं डेसिबल मोजायचं ॲप काढलं तर म्हणे, "सर, एवढं कोणी बघत नाही."

शेवटी माझा पखवाज लागला. वीस सेकंद! शेजारी एका मंडळाची पोरं डीजेचा टॉप स्पीकर तपासत होती, डोक्यावर एसी घरघरत होता, आणि काउंटरवरून आवाज आला, "अरे, भजन कोणी लावलं?"

घरी तरी काय राजवाडा आहे? दहा फुटांची खोली, ५६ हर्ट्झच्या आसपासचा खर्ज कोपऱ्यात घुमणारच. ते माझं मी बघेन, गादी लावीन, टेबल सरकवीन. पण दोन मॉडेलांतला फरक तरी कळू द्या की!

पुढच्या शनिवारी परत जाणार आहे. माझा ऑडिओ इंटरफेस (मॉनिटरला आवाज पुरवणारी पेटी), माझ्या केबली आणि आईची स्वयंपाकघरातली दोन उंच स्टुलं घेऊन. रिक्षावाला काय म्हणायचं ते म्हणू दे.