चार दोषांवालं ते फॉरवर्ड, पुन्हा एकदा

फॅमिली ग्रुपवर या आठवड्यात तिसऱ्यांदा आलंय. "हिप्पोक्रेटसने आयुर्वेदातले त्रिदोष चोरून चार केले, मग 2000 वर्षं गोरे डॉक्टर अंधश्रद्धेपायी लोकांना जळवा लावत बसले, 1628 मध्ये हार्वेने रक्ताभिसरण शोधलं आणि दुकान बंद, वॉशिंग्टन त्यातच गेला." खाली हात जोडलेले. काकांना पर्सनलवर सांगून झालं, ऐकत नाहीत, म्हणून इथेच लिहितो.

चोरीचं आधी. हिप्पोक्रेटस हा प्राचीन ग्रीक वैद्य, आणि ग्रीकांचे चार दोष म्हणजे शरीरातले चार द्रव, रक्त, कफ, पिवळं पित्त, काळं पित्त, यांचा तोल बिघडला की आजार, म्हणून रक्त काढून तोल साधायचा. यात वात कुठेय? आणि काळं पित्त आपल्या त्रिदोषांत दाखवा बरं. कफ-पित्त ऐकून एकच वाटतं कारण मराठीत सांगताना शब्द आपणच आपले वापरतो. थोडं साम्य आहे, नाही कोण म्हणतंय, पण इकडून तिकडे गेल्याचा पुरावा कुणी दाखवलेला नाही. आणि जळवांना हसताय? सुश्रुतसंहितेत जळवांवर आख्खा अध्याय आहे हो!

"हिप्पोक्रेटसने" हेही अर्धवटच. त्याच्या नावावर साधारण 60 लेख आहेत, ते अनेकांनी लिहिलेत आणि एकमेकांशी भांडतात, काहींत नुसतं पित्त आणि कफच आहे. चार दोष ज्या लेखात नीट येतात तो बहुतेक त्याच्या जावयाचा, पॉलिबसचा. पक्की चौकट बसवली रोममधल्या गेलेन नावाच्या ग्रीक डॉक्टरने, तीही पाचशेहून जास्त वर्षांनी. मग बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाकने गेलेन अरबीत आणला, इब्न सिनाने त्यावर मोठा ग्रंथ रचला, तो स्पेनमधल्या टोलेडोत लॅटिनमध्ये गेला, तेव्हा कुठे युरोपच्या कॉलेजांत शिकवायला लागले. आपल्याकडचे यूनानी हकीम आजही खून, बलगम, सफरा, सौदा म्हणतात, ते हेच चार, आणि यूनानी म्हणजेच ग्रीक. त्यामुळे "गोरे डॉक्टर" पण बाद.

अंधश्रद्धा म्हणाल तर एक गंमत सांगतो. रक्त काचेच्या भांड्यात ठेवून दिलं की थर पडतात, तळाशी काळपट, वर लाल, मग पांढरट पातळ थर, वर पिवळसर पाणी. ग्रीकांना चार दोष इथूनच सुचले असतील असा अंदाज फोरियस नावाच्या स्वीडिश डॉक्टरने मांडला, तोच ज्याच्या कामातून आपली रक्ताची ईएसआर टेस्ट आली. अंदाजच आहे, पण मला पटतो. आणि तेव्हाही सगळे माना डोलवत नव्हते, एरासिस्ट्रेटस नावाचा ग्रीक डॉक्टर रक्त काढण्याच्या विरोधात होता, त्याच्या चेल्यांशी गेलेनने रोममध्ये कडाक्याचं भांडण केलंय.

आता हार्वे, तो इंग्रज डॉक्टर. रक्ताभिसरणावरचं त्याचं पुस्तक 1628 चं, बरोबर. पण हार्वे स्वतः त्यानंतरही पेशंटचं रक्त काढतच होता!

फॉरवर्डवाल्यांचा खरा घोळ इथे आहे, दोषांचा सिद्धांत आणि रक्त काढणं ही एकच गोष्ट समजलेत. अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन 14 डिसेंबर 1799 ला घशाच्या आजाराने गेला, एका दिवसात दोन लिटरच्या वर रक्त काढलं होतं, पहिल्यांदा तर डॉक्टर यायच्या आधी त्यानेच आपल्या मुकादमाला काढायला लावलं. त्याच काळात फिलाडेल्फियात बेंजामिन रश नावाचा डॉक्टर बेफाम रक्त काढायचा, पण कारण सांगायचा रक्तवाहिन्यांतल्या ताणाचं, दोषांचं नाही. पॅरिसचा डॉक्टर ब्रुसे सगळं खापर पोटातल्या सुजेवर फोडायचा आणि जळवा लावायचा, 1833 मध्ये फ्रान्सने 4 कोटींच्या वर जळवा आयात केल्या. सिद्धांत मागे पडला तरी उपचाराला नवीन कारण मिळत गेलं.

मग पिएर लुई नावाच्या डॉक्टरने सरळ मोजायला घेतलं. न्यूमोनियाचे 77 पेशंट, पहिल्या 4 दिवसांत रक्त काढलेले 41, त्यातले 18 गेले, उशिरा काढलेले 36, त्यातले 9 गेले. यावर तोही बंद करा म्हणाला नाही, फायदा वाटतो त्यापेक्षा बराच कमी आहे एवढंच म्हणाला. आणि 1892 मध्ये ऑस्लर या नावाजलेल्या डॉक्टरच्या टेक्स्टबुकात न्यूमोनियासाठी रक्त काढणं आहेच, वर तक्रार अशी की हल्ली आपण फारच कमी काढतो. हार्वेचं "दुकान बंद" होऊन तेव्हा 264 वर्षं झाली होती, काका.